सोसायटीच्या आवारात पालापाचोळा जाळायला पालिकेची परवानगी मिळते का?

सेक्रेटरी_नाइलाजाने
१७ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्यामागची गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्ही मलाच झापाल, म्हणून जरा लांबण लावतो.

आमची सोसायटी बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला. तीन विंग, बहात्तर बिऱ्हाडं. बिल्डरने इमारत जेमतेम बांधली, पण झाडं झकास लावली. मागच्या बाजूला चार रेन ट्री, दोन बदाम, एक आंबा आणि कुंपणाच्या कडेने अशोकाची रांग. मी गेल्या ऑगस्टमध्ये सेक्रेटरी झालो. झालो म्हणजे काय, एजीएमला चहा प्यायला खाली उतरलो आणि वर येईपर्यंत झालेलो होतो.

फेब्रुवारी लागला की बदाम लालभडक होतो आणि पानं सोडायला लागतो. तळहाताहून मोठं एकेक पान. रेन ट्रीची पानं उलट इतकी बारीक, की खराट्याच्या काड्यांतून निसटून थेट गटाराच्या जाळीत जाऊन बसतात. माळी सकाळी झाडतो, संध्याकाळी पाहावं तर जसंच्या तसं. रोजच्या पाच-सहा गोण्या सहज. कचऱ्याच्या गाडीवरचे कामगार म्हणतात, ओला द्या, सुका द्या, पण पाल्याच्या गोण्या नकोत, अर्धी गाडी त्यानेच भरते. त्यांचंही चूक नाही.

तर कालचा रविवार. पंप रूमच्या मागे ढीग कमरेएवढा झाला होता. सकाळी साडेसहाला माळ्याने पेटवला. वरून कोरडा, आतून दंवाने ओला. ज्वाळ कसली ती नाहीच, नुसता धूर, पिवळट आणि जड. वाऱ्याचा पत्ता नव्हता. धूर वर जायचं नाव घेईना. तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्यांत शिरला, रात्रभर वाळत राहिलेल्या चादरींत मुरला आणि तिथेच बसला. बी विंगला दुसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत, दम्याच्या. त्यांच्या सुनेने वरून फोटो काढले आणि तक्रार केली. तिने आधी मला फोन केला होता. मी आंघोळीला गेलो होतो.

साडेनऊला वॉर्डातून दोघे आले. तोवर नुसती राख उरली होती. त्यातल्या एकाने काठीने राख उकरली, आतून अर्धवट वितळलेली दुधाची पिशवी वर काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. बोलला काही नाही. दुसरा म्हणाला, या वेळी समज देतोय, पुढच्या वेळी पावती फाडू. माळ्याचं नाव वहीत लिहून घेतलं आणि गेले.

रात्री कमिटीची मीटिंग झाली. चेअरमन म्हणतात, आमच्या गावाला घरोघरी जाळतात, कोणी विचारत नाही. खजिनदार म्हणतात, गणपतीच्या मंडपाला जशी परवानगी काढतो तशी याची काढा, फी भरू. आणि एका सभासदाने ग्रुपवर नियमाचा कागदच टाकला. २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हणे असं आहे की कचरा ‘आपल्या आवाराबाहेरच्या’ रस्त्यावर, मोकळ्या जागेत जाळू नये. म्हणजे आवाराच्या आत जाळलेला चालतो! वाचून मलाही क्षणभर बरं वाटलं.

तर विचारायचं ते हे. परवानगी देतं कोण, वॉर्ड ऑफिस, फायर ब्रिगेड की पोलीस? दंड झाला तर तो माळ्याला की सोसायटीला? रात्रपाळीचा वॉचमन गेटवर शेकोटी करतो, तीही यात येते का? आणि १३ मार्चला होळी आहे, तिचं काय?

दहिसरचा_वकील
१७ फेब्रुवारी, रात्री ११:२५

परवानगी कोण देतं? कोणीच नाही. अर्ज केला तर नाकारतील असंही नाही, कारण असा अर्जच अस्तित्वात नाही. खजिनदारांना सांगा, फी वाचली.

तुमच्या त्या सभासदाने कागद बरोबर टाकलाय, पण अर्धाच वाचलाय. नियम ४ च्या दुसऱ्या पोटनियमात ‘आवाराबाहेर’ हे शब्द आहेत, मान्य. पण त्याच्या वरचं पहिलं पोटनियम वाचा. बागेचा, झाडांचा कचरा वेगळा काढायचा, आपल्याच आवारात साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशीच त्याची विल्हेवाट लावायची. आता मुंबईत स्थानिक संस्था काय सांगते? ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने हवा प्रदूषणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात उघड्यावर कचरा जाळायला सरसकट बंदी आहे. आवार तुमचं असलं तरी वर आभाळच आहे ना, मग ते उघड्यावरच झालं.

त्याच्याही आधी, २२ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय हरित लवादाने देशभरासाठी आदेश दिला. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये. कमरेएवढा ढीग यातल्या कुठल्या खान्यात बसतो यावर वाद घालायची हौस असेल तर घाला. माझी फी वेगळी.

दंड कोणाला? नियमांच्या भाषेत ‘कचरा निर्माण करणारा’ म्हणजे सोसायटी. माळी तुमचा पगारी माणूस. त्याचं नाव वहीत गेलं असेल, पण नोटीस येईल ती लेटरहेडवरच्या पत्त्यावर.

आणखी दोन गोष्टी, ज्या कोणी बोलत नाही. एक, आग कुठे लावली होती? झाडाच्या बुंध्याजवळ असेल तर प्रकरण वेगळं वळण घेतं. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येतच झाड जाळणं आणि कुठल्याही प्रकारे त्याला इजा करणं येतं. दोन, तुम्ही पार्काच्या अंगाला आहात. उद्यानाला धोका होईल अशा तऱ्हेने तिथे आग लावणं किंवा जळती सोडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तुमची भिंत आणि पार्काची हद्द यांत अंतर किती ते बघा. सुक्या गवताला ठिणगी पुरते. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावच्या डोंगरावर लागलेली आग आठवत असेल.

शिवाय निष्काळजीपणे आग हाताळून कोणाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. दम्याच्या आजींच्या सुनेने फक्त फोटोवर भागवलं, हे तुमचं नशीब समजा.

शेकोटी आणि होळीचं लिहितो नंतर, अशील आलंय.

मच्छर_त्रस्त
१८ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

सगळं कायद्याचं बरोबर असेल हो, पण पाल्याचा धूर केला की संध्याकाळी मच्छर जातात हे कोणी मान्यच करत नाही. आमच्याकडे कडुनिंबाचा पाला टाकतात. समोर टॉवरचं काम चालू आहे, धूळ बघा किती. त्यांना कोणी विचारत नाही, सोसायटीच्या दोन गोण्या पाल्याने मुंबईची हवा बिघडते होय?

सेक्रेटरी_नाइलाजाने
१८ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

विचारतात हो. डिसेंबर संपता संपता हवा इतकी बिघडली होती की आमच्या बोरिवली पूर्वेला आणि तिकडे भायखळ्याला पालिकेने सगळी बांधकामंच थांबवली होती. आमच्या समोरची क्रेन तेव्हा निपचित उभी होती, मी रोज गॅलरीतून बघायचो. गेल्या महिन्यात हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनाही सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर यायला सांगितलंय. पाववाल्याची भट्टी बंद होणार आणि मी पंप रूमच्या मागे धूर करणार, हे मलाच बरं दिसेना.

मच्छरांचं म्हणाल तर काल सगळ्यांत जास्त मच्छर माझ्याच घरात होते. धुराने पळालेले असावेत.

खराटा
१८ फेब्रुवारी, दुपारी २:०५

मी पालिकेच्या घनकचरा खात्यात होतो, मुकादम म्हणून निवृत्त झालो. वकीलसाहेबांनी कलमं सांगितली, मी चौकीवरचं सांगतो.

एक काळ असा होता की आम्हीच जाळायचो. खोटं कशाला बोलू? रस्ता झाडायचा, फुटपाथच्या कडेला ढीग करायचा, काडी लावायची. हातगाडी रिकामी, काम हलकं. मग नियमच आला की झाडूवाल्यांनी पाला जाळायचा नाही, वेगळा ठेवून गाडीला द्यायचा. २०१६ च्या नियमांत तसं चक्क लिहिलंय. बिट, म्हणजे झाडायला नेमून दिलेला भाग, बघायला साहेब आले की पहिलं काळे डाग शोधायचे. डाग दिसला की मुकादमाला मेमो.

त्याच वर्षी जानेवारीत देवनारचं डंपिंग पेटलं होतं. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर ज्याने छातीत घेतलाय त्याला कायदा समजवावा लागत नाही.

आता तुमची चूक कुठे झाली ते सांगतो. पहिली चूक वेळ. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वर गरम थर झाकणासारखा बसतो. समुद्रावरचा वारा दुपारी सुटतो, तोवर धूर जागचा हलत नाही. लोकांना वाटतं सकाळी लवकर पेटवलं की कोणाला कळत नाही. उलट त्याच वेळी सगळ्यांच्या घरात जातो. दुसरी चूक ओला पाला. तो जळत नाही, धुमसतो. धुमसणाऱ्या पाल्याचा धूर भडकलेल्या आगीपेक्षा वाईट, त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि बारीक कण दोन्ही जास्त. तिसरी चूक ती दुधाची पिशवी. प्लास्टिक गेलं की तो पाल्याचा धूर राहत नाही, विष होतं. तुमच्या नाकासमोर धरणाऱ्याने बरोबर केलं. मीही तेच केलं असतं.

दुपारी, सुका, पिशव्या निवडून जाळला तर चालेल असं म्हणतोय असं समजू नका. चालणार नाही. फक्त त्रास इतका का झाला ते सांगितलं.

शेकोटीचं वकीलसाहेब सांगतील तेव्हा सांगतील. मी सांगतो, वॉचमनला एक जुनी घोंगडी आणि केबिनला दार द्या. तो थंडीने पेटवत नाही, झोप येऊ नये म्हणून पेटवतो. आणि पेटवतो काय, तर थर्माकोल, पुठ्ठा, हाताला लागेल ते. एकदा राख बघा.

खरी परवानगी लागते ती छाटणीला. ती मात्र काढा, आणि आत्ताच काढा. पावसाळ्यापूर्वी सगळ्या सोसायट्या एकदम धावतात. वॉर्डाच्या उद्यान खात्यात अर्ज द्यायचा, माणूस येऊन झाडं बघून जातो, कोणती फांदी, किती, ते ठरतं. खाजगी आवारातल्या झाडांचा खर्च सोसायटीचा. कंत्राटदाराला ऑर्डर देताना त्यात लिहा की फांद्या आणि पाला तोच उचलून नेणार. हे लिहिलं नाही तर तो लाकूड तेवढं टेम्पोत टाकतो आणि काटक्या तुमच्या दारात सोडतो. मग पुन्हा काडेपेटी.

एक विचारू का? माळ्याने स्वतःहून पेटवला? माळी लोक सहसा विचारल्याशिवाय पेटवत नाहीत. नोकरी जायची भीती असते.

सेक्रेटरी_नाइलाजाने
१८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मुकादमसाहेब, पकडलंत.

काडेपेटी माझी होती. शनिवारी संध्याकाळी त्याने विचारलं, साहेब, ढीग लई झाला, काय करू? मी देवघरातली काडेपेटी आणून दिली आणि म्हटलं, उद्या लवकर उरकून टाक, लोक उठायच्या आत. वॉर्डातले आले तेव्हा मी मान हलवत उभा राहिलो, ‘हो हो, सांगितलंय त्याला पुष्कळदा’ अशा चेहऱ्याने. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचं नाव वहीत गेलं.

आज सकाळी खाली जाऊन त्याला सांगितलं की पुढे काही झालं तर नाव माझं सांग. तो म्हणाला, बरं. झाडतच राहिला. आजींच्याही घरी जाऊन आलो. त्यांनी लाडू दिला, सुनेने पाणी दिलं नाही. हिशेब बरोबर आहे.

जाळण्यात मला काही वावगं वाटलंच नाही याला कारण आहे. माझे वडील कर्जतकडचे. उन्हाळ्यात राब भाजायचे. शेण, कवळं म्हणजे तोडलेल्या पानाळ डहाळ्या, पाला, वर गवत आणि माती, असं खाचरात पसरून वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे सावकाश जळत जातं. आम्ही पोरं बांधावर बसून बघायचो. त्या जागी मग भाताची रोपं. त्या वासाला माझ्या लेखी धूर म्हणतच नाहीत.

मुलुंडची_माती
१९ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

राबाचं बोललात म्हणून लिहितेय. मी पण कोकणातली, आमच्याकडे पाल्याला पातेरा म्हणतात. राब भाजतात तो तणाचं बी मरावं आणि राख त्याच खाचरात पडावी म्हणून. तुमची राख पेव्हर ब्लॉकवर पडली आणि माळ्याने पाइप मारून गटारात घालवली असणार. घेतलं कोणी? कोणीच नाही.

आमच्या सोसायटीत गेली सहा वर्षं एक पान बाहेर गेलेलं नाही. कमिटीतले पुरुष तीन मीटिंगा साप येतील, उंदीर येतील करत होते. शेवटी मी आणि तळमजल्यावरच्या काकूंनी न विचारताच करून टाकलं.

लोखंडी जाळी आणा, कोंबड्यांच्या खुराड्याची नको, ती वाकते. वेल्ड केलेली घ्या. तिचं साडेतीन फुटी गोल पिंप करायचं, तारेने बांधायचं. खाली विटा मोकळ्या ठेवून त्यावर उभं करायचं, म्हणजे खालून हवा लागते. भिंतीला चिकटवू नका, चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे. पाला वीतभर टाकला की वर शेणकाला नाहीतर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडायचं, आणि आत उतरून तुडवायचं. आमच्याकडे मुलं तुडवतात, त्यांना सांगावं लागत नाही. मग पुन्हा वीतभर.

ओल किती हवी ते हाताने कळतं. मूठभर पाला आवळला की बोटांना पाणी लागावं, पण थेंब गळू नये. कमी पडली तर वर्षभर तसाच राहतो, जास्त झाली तर वास मारतो. आठवड्याभराने मधे हात घालून बघा. हात ठेववत नाही इतकं आत तापलेलं असतं. काकूंनी पहिल्यांदा हात घातला आणि ओरडल्याच, अगो बाई, पेटलं की काय!

दर पंधरा दिवसांनी खालीवर करायचं. साप-उंदरांचं उत्तर हेच आहे, हलत्या ढिगात कोणी बिऱ्हाड करत नाही. स्वयंपाकघरातलं पहिल्या वर्षी टाकूच नका, नुसता पाला. उंदीर येतात ते खरकट्यामागे.

तुमच्या झाडांपैकी रेन ट्रीचा पाला सोनं आहे. तो शेंगेच्या कुळातला, बारीक आणि नत्र धरणारा, लवकर कुजतो. बदाम आणि आंबा जाड, त्यांना वेळ लागतो, फावड्याने चेचून रेन ट्रीत मिसळा. अशोकाचा पाला मेणचट, तो सरळ झाडांच्या आळ्यात पसरा, आच्छादन म्हणून. ओल टिकते, माळ्याचं पाणी घालणं कमी होतं. आत्ता भरलंत तर जून-जुलैपर्यंत खत हातात. पावसात वर ताडपत्री टाका, नाहीतर सगळं धुऊन जाईल.

पाच गोण्यांची एक गोणी होते शेवटी, तीही अर्धी. आमच्याकडे त्या खताला एवढी मागणी आहे की कुंडीमागे डबा ठरवून दिलाय, तरी भांडणं होतात.

दहिसरचा_वकील
१९ फेब्रुवारी, रात्री ८:१०

राहिलेलं. शेकोटी: मुकादमसाहेबांचं मत कायम करा. होळी: पालिका दरवर्षी बजावते ते झाडं तोडू नका म्हणून. छाटणीच्या फांद्या होळीसाठी ‘राखून’ ठेवल्या आणि कोणी विचारलं, तर त्या कुठल्या झाडाच्या आणि कोणाच्या परवानगीने कापल्या हे तुम्हाला सांगावं लागेल. होळी लहान करा, डांबरावर किंवा झाडाखाली नको, जवळ पाण्याचा पाइप ठेवा आणि महिनाभराचा पाला तिच्यात खपवायचा विचार डोक्यातून काढा. तो तुमच्या चेअरमनच्या डोक्यात आलेला असणार.

सेक्रेटरी_नाइलाजाने
१९ फेब्रुवारी, रात्री १०:५५

आलेला होता. आजच बोलले.

छाटणीचा अर्ज टाइप करून ठेवलाय, उद्या वॉर्डात देतो. जाळीचं माळ्याला विचारलं. तो म्हणाला, गावाकडं उकिरडा करतोच की आम्ही, तुम्ही कधी विचारलं नाही. रविवारी दोघं मिळून जाळी आणायला जातोय. मुलुंडच्या ताई, उंची चार फूट घेऊ की पाच? पाचाची दुकानात तयार आहे.

मुलुंडची_माती
२० फेब्रुवारी, सकाळी ६:३०

चार. पाच फुटांत वरून हात घातला तर तळाचा पाला हलवता येत नाही. आणि तारेची टोकं आत वळवा, पोरं तुडवताना पाय कापतात.